मुंबई क्रूझ टर्मिनल : नांदेड व लातूरहून रेल्वेप्रवास
नांदेड किंवा लातूरहून मुंबईच्या क्रूझ जहाजावर जाणाऱ्या प्रवाशांना बॅलार्ड पिअर येथील टर्मिनल गाठावे लागते. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून ते दोन किलोमीटरांच्या आत आहे. खरी अनिश्चितता त्याआधीच्या रेल्वेप्रवासात असते.

ब्रिटिश काळात आगगाडी थेट धक्क्यावरील बॅलार्ड पिअर मोल स्थानकात येई. १९२८ मध्ये सुरू झालेल्या फ्रंटियर मेलचा युरोपातून टपाल आणणाऱ्या जहाजांशी मेळ घातलेला असे. आज असा मेळ उरलेला नाही. गाडीला उशीर झाला म्हणून जहाज थांबत नाही, शिवाय ते सुटण्याच्या बऱ्याच आधी प्रवेश बंद होतो.

नांदेडच्या देवगिरी व नंदीग्राम एक्सप्रेस मनमाड व कसारा घाटमार्गे येतात, तर लातूरची गाडी कुर्डुवाडी, पुणे व बोरघाटमार्गे. परभणी–मनमाड मार्ग दीर्घकाळ एकेरी राहिल्याने क्रॉसिंगसाठी गाडी थांबणे मराठवाड्यातील प्रवाशांना नवे नाही. पावसाळ्यात घाटात दरड कोसळल्यास वाहतूक खोळंबते. रात्रीची गाडी सकाळी मुंबईत पोहोचते, म्हणून दुपारचे जहाज वेळापत्रकावर सहज जुळते. मात्र ती रखडल्यास हाती फारसा वेळ उरत नाही. त्यामुळे आदल्या दिवशी मुंबईत मुक्काम करणे अधिक सुरक्षित ठरते. नांदेडहून दिवसा धावणारी तपोवन एक्सप्रेस त्यासाठी सोयीची आहे.