अवयवांवरून आलेख



समोर कोणी आलेख पसरला की आपल्यातला कष्टकरी माणूस मान डोलावून मोकळा होतो. वाटाघाटीच्या टेबलावर असे डोलावणे महाग पडते. त्याआधी चार प्रश्न विचारता यावेत, एवढ्यासाठी हा विषय.

‘य बरोबर क्षचा घन, उणे तीनदा क्षचा वर्ग, अधिक ४’ ही बहुपदी अशी पाहिली तर मुकी वाटते. तिचे अवयव पाडा, ती बोलू लागते:

य = (क्ष + १)(क्ष − २)(क्ष − २)

पहिला प्रश्न : वक्र आडव्या अक्षाला कोठे भेटतो? गुणाकारातला एक अवयव शून्य झाला की सारा गुणाकार शून्य. म्हणून −१ आणि २ येथे.

दुसरा : तो अक्ष ओलांडतो की टेकून परततो? (क्ष + १) एकदाच आहे. −१ पार करताना त्याचे चिन्ह पालटते आणि वक्र खालून वर येतो. (क्ष − २) दोनदा आहे. उणे गुणिले उणे अधिकच. चिन्ह पालटत नाही. वक्र वरून येतो, अक्षाला टेकतो आणि वरच परततो.

सावित्रीकाठच्या लोकांना हा भेद शिकवायला नको. पाणी धोक्याच्या रेषेला टेकून उतरणे वेगळे आणि जुलै २०२१ प्रमाणे रेषा ओलांडून महाडच्या बाजारपेठेत शिरणे वेगळे. नदीचा आलेख बहुपदी नव्हे; पण ओलांडणे आणि टेकणे यांतला फरक तोच.

तिसरा : टोके कोठे जातात? उजवीकडे दूरवर तिन्ही अवयव अधिक, म्हणून वक्र वर. डावीकडे तिन्ही उणे, म्हणून खाली.

चौथा : उभा अक्ष कोठे छेदला जातो? क्षच्या जागी शून्य घाला : १ × (−२) × (−२) = ४.

आता हात चालवा. डावीकडून खालून या, −१ वर अक्ष ओलांडा, ४ वरून जा, उतरून २ ला टेका, पुन्हा चढा. आकृती तयार!

मात्र या रीतीची मर्यादा ध्यानात ठेवावी. सगळ्याच बहुपदींचे अवयव सहज पडत नाहीत. शिवाय मधले शिखर नेमके किती उंच, हे अवयव थेट सांगत नाहीत. त्यासाठी कलनशास्त्र हवे. पोलादपुराकडून येणारे पाणी रेषा ओलांडणार, एवढे कळून भागत नाही. किती चढणार, हेही विचारावे लागते. कोणाच्याही आलेखापुढे बसताना हे दोन्ही प्रश्न जवळ असू द्यावेत.