पाइपवरचा हात, ढोलावरचा हात

विहिरीवरची मोटार चालू केली की तुम्ही आधी काय करता? कान देता. पाणी उचललं की आवाज जड होतो, हवा धरली की मोटार नुसतीच हलकी पळते, बेअरिंग गेलं की घरघरते. दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या एका गावात हे काम ज्या गड्याकडं आहे, त्याला जन्मापासून ऐकू येत नाही. तो डिलिव्हरी पाइपवर तळवा ठेवतो, जरा थांबतो, मग मान हलवतो. नाहीतर सरळ स्टार्टर बंद करतो. मी तिथं ठिबकची पाहणी करायला गेलो होतो. मालक म्हणाले, "सायेब, मोटारीचं दुखणं आमच्या आधी ह्याला कळतंय."

मग ह्याला ढोल का कळू नये, असं माझ्या मनात आलं.

आवाज म्हणजे शेवटी थरथरच. ढोलाचं पान हलतं, ते हवा हलवतं आणि हवा कानाचा पडदा हलवते. तीच थरथर हाडामांसालाही लागते, पण कान चांगला असला की आपलं तिकडं लक्ष जात नाही. चांगल्या कानाला सेकंदाला २० पासून २०,००० पर्यंत कंपनं ऐकू येतात. कातडीला साधारण हजाराच्या आतलीच कळतात. त्यातही अडीचशेच्या आसपासची सगळ्यात चांगली. म्हणून ढोल, पखवाज, हार्मोनियमचे खालचे सूर हाताला लागतात. सनईचा चढा सूर तेवढा लागत नाही.

ह्यावर आयुष्य उभं केलेली एक बाई आहे, तीही शेतकऱ्याचीच मुलगी. स्कॉटलंडची एव्हलिन ग्लेनी, जन्म १९६५. आठव्या वर्षापासून तिचं ऐकणं कमी होत गेलं आणि बाराव्या वर्षापर्यंत जवळजवळ संपलं. शाळेतले शिक्षक मोठा नगारा वाजवायचे आणि ती वर्गाच्या भिंतीला हात लावून उभी राहायची. खालचा सूर पायात लागतो, वरचा चेहऱ्याला आणि मानेला, असं तिनं ओळखायला शिकून घेतलं. आजही ती अनवाणी वाजवते, म्हणजे जमिनीतून थरथर कळते. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनात शेकडो ढोलवाल्यांच्या पुढं तीच होती. डॉ. डीन शिबाटा यांनी २००१ साली कर्णबधिर विद्यार्थ्यांच्या मेंदूचा अभ्यास मांडला. हाताला थरथर लागली की त्यांच्या मेंदूतला ऐकण्याचा भाग कामाला लागत होता. म्हणजे तो भाग रिकामा पडून नसतो.

गावच्या यात्रेत मी त्या गड्याला ढोलापाशी नेलं आणि पहिली चूक मीच केली. त्याचा हात थेट पानावर ठेवला. ढोलवाले दादा खवळले, "सायेब, पान दाबलं की आवाज बसतोय! बाजूला धरू द्या की." बरोबरच होतं. मग त्यानं दोन्ही हात ढोलाच्या लाकडी कडेला लावले. बराच वेळ तो नुसता उभा होता. मग पायाचा अंगठा हलायला लागला, ठेक्यावर. वादकानं ठेका बदलला, अंगठा थांबला, आणि दोन आवर्तनांत नवा ठेका धरला. त्याची आई बाजूला होती. म्हणाली, "ह्याला काय कळायचंय म्हणून दरसाल ह्यालाच घराच्या राखणीला ठिवत होतो की हो."

पंचविशी उलटलेला गडी आहे तो.

तुमच्या घरात, वस्तीवर असं कुणी असेल तर करून बघा, खर्च काही नाही. भजनाला बसताना त्याला लाकडी फळीवर नाहीतर पाटावर अनवाणी बसवा आणि पखवाजही त्याच फळीवर ठेवा. फरशीतून तेवढं कळत नाही. रिकामी घागर पोटाशी धरायला द्या, नाहीतर फुगवलेला फुगा दोन्ही तळव्यांत द्या. दोन्ही थरथर चांगली पकडतात. मात्र डीजेच्या भिंतीपुढं उभं करू नका. छातीत दणका बसतो खरा, पण कित्येक कर्णबधिरांना थोडंफार ऐकू येत असतं, ते तेवढंही जाईल. शेजारी नाचणाऱ्या चांगल्या कानांचं काय होतं, तो वेगळा लेख होईल.

आणि हा कानावरचा इलाज नव्हे. लहान मूल हाकेला वळत नसेल तर आधी सोलापूरला सिव्हिलमध्ये कान तपासून घ्या, उशीर झाला की बोलायला शिकवणं अवघड जातं.

सरपंच मंडळींना ठाऊक आहेच की ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी ठेवायचा असतो. गावात ऐकू न येणारे किती आहेत, ह्याची नावानिशी यादी तुमच्या दप्तरात आहे का, तेवढं बघा. यात्रा कमिटीच्या पुढच्या बैठकीत मानपानाचं ठरवताना ढोलाशेजारी त्यांच्यासाठीही जागा धरा.