राजा नसलेलं मोहोळ

१९६२च्या जून महिन्यात इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्यात, नॉर्थ टॉटन या गावी, मधमाश्या पाळणाऱ्यांची बैठक भरली. गावकऱ्यांबरोबर तिथे सिल्व्हिया प्लाथ ही अमेरिकन कवयित्री आणि तिचा नवरा, कवी टेड ह्यूज, हेही होते. लवकरच त्यांच्या परसात मधपेटी आली. ऑक्टोबर उजाडला तेव्हा संसार मोडकळीला आला होता आणि पदरी दोन लहान मुलं होती. त्या महिन्याच्या ३ ते ९ तारखांच्या दरम्यान प्लाथने मधमाश्यांवर पाच कविता लिहिल्या. पुढच्या फेब्रुवारीत तिने आयुष्य संपवलं. या कविता आपण बहुतेकदा त्या मृत्यूकडून मागे वाचत येतो आणि त्यातल्या माश्या निसटून जातात. माझ्या मते त्या माश्यांच्या कविता आहेत, असं धरून वाचल्या तरच त्यातली सत्ता आणि भीती कळते.

माश्यांमध्ये राज्य पाहण्याची खोड फार जुनी. इसवी सन पूर्व २९च्या सुमारास पुऱ्या झालेल्या ‘जॉर्जिक्स’ या शेतीकाव्याचा चौथा सर्ग रोमन कवी व्हर्जिलने मधमाश्यांना दिला. रोम तेव्हा यादवी युद्धांतून नुकतंच बाहेर पडत होतं. व्हर्जिलच्या मोहोळाला राजा आहे. इजिप्त किंवा पर्शियाकडची प्रजासुद्धा आपल्या राजाला इतकं मानत नाही, असं तो सांगतो. राजा गेला की माश्या स्वतःचाच मध लुटतात. दोन राजे झाले की युद्ध पेटतं. त्यावर त्याचा उपाय म्हणजे मूठभर धूळ उधळायची, आणि मग दोघांतल्या कमअस्सल राजाला मारून टाकायचं. शेतकऱ्याला दिलेला हा सल्ला सम्राट ऑगस्टस होऊ घातलेल्या ऑक्टेव्हियनच्या कानी कसा पडला असेल, कोण जाणे.

हा राजा सतराव्या शतकापर्यंत टिकला. शेक्सपिअरच्या ‘हेन्री द फिफ्थ’मध्ये आर्चबिशप तोच दाखला देतो. १६०९ साली चार्ल्स बटलर या इंग्रज पाद्र्याने मोहोळाचं राज्य बाईचं असल्याचं ठासून लिहिलं. त्याच शतकात डच निसर्गशास्त्रज्ञ यान स्वामरडामने सूक्ष्मदर्शकाखाली ‘राजा’ चिरून अंडाशय दाखवले. तरी सिंहासन रिकामं झालं नाही, त्यावर फक्त राणी बसली. खरी राणीमाशी हुकूम सोडत नाही. ती अंडी घालते. तिच्या गंधामुळे वसाहत एकत्र राहते, पण ती थकली की कामकरी माश्याच नवी राणी वाढवायला घेतात. थवा बाहेर पडला की नवं घर कुठलं, हे टेहळणी करणाऱ्या माश्या नाच करून आपसात ठरवतात. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ मार्टिन लिंडाउअर यांनी १९५०च्या दशकात हे उलगडून दाखवलं.

आपल्याकडच्या काव्यात भ्रमर म्हणजे प्रियकर. शाकुंतलाच्या पहिल्या अंकात भुंगा शकुंतलेला सतावतो खरा, पण तिथली भीती दुष्यंताला पुढे यायला निमित्त पुरवण्यापुरती. अपवाद देवीचा. देवीमाहात्म्याच्या अकराव्या अध्यायात ती सांगते की अरुणासुराला मारायला मी असंख्य षट्पदांचं भ्रामरी रूप घेईन. देवीभागवतात या असुराला वर आहे : शस्त्राने नाही, स्त्री-पुरुषाकडून नाही, द्विपाद-चतुष्पादाकडूनही नाही. सहा पाय तेवढे विसरले गेले! व्हर्जिलला राजाविना झुंड म्हणजे अनर्थ वाटतो; इथे झुंड हीच देवी.

प्लाथकडे यायचं तर आधी तिच्या वडिलांकडे जावं लागतं. ऑटो प्लाथ बोस्टन विद्यापीठात शिकवत आणि १९३४ साली त्यांचं बम्बलबीवरचं पुस्तक निघालं. १९४० मध्ये मधुमेहाच्या गुंतागुंतीने ते गेले तेव्हा सिल्व्हिया आठ वर्षांची होती. चरित्रकार या माश्यांत वडील शोधतात, ते बरोबरच आहे. पण एक फरक नजरेआड होतो. बम्बलबी ही थंड मुलखातली गुबगुबीत, केसाळ माशी. भारतात ती मुख्यतः हिमालयात आढळते. हिवाळा आला की तिची सारी वसाहत मरते, एकटी फळलेली तरुण राणी जमिनीत निजून राहते. मधमाश्यांचं तसं नाही. शरद ऋतूत त्या नरांना पेटीबाहेर हाकलतात आणि उरलेल्या माद्या एकमेकींना बिलगून, साठवलेल्या मधावर थंडी काढतात. ‘विंटरिंग’ ही कविता या दुसऱ्या ज्ञानावर उभी आहे. त्यात माश्या साखरेच्या पाकावर तगतात, पुरुष कोणी उरलेला नाही. बापाच्या माशीत वाचते ती एकटी राणी, लेकीच्या पेटीत वाचतो तो बायकांचा गोतावळा.

‘द अरायव्हल ऑफ द बी बॉक्स’मधली भीती कानातून शिरते. पेटी बंद आहे, आत काळोख आणि न कळणारा कल्लोळ. निवेदिकेला तो रोमन जमावासारखा वाटतो. आपण काही सीझर नाही, हेही ती कबूल करते. व्हर्जिलचं रोम असं परत येतं, पण उलटं होऊन. हवं तर पेटी परत धाडता येईल, माश्यांना उपाशी मारता येईल, उद्या सोडूनही देता येईल. सत्ता झाकण हातात असणाऱ्याची, आणि त्या सत्तेचीच तिला धास्ती. मला ही पाचांतली सर्वांत शहाणी कविता वाटते.

‘द बी मीटिंग’मध्ये गावकरी जाळीचे बुरखे घालून आलेत आणि ती उघड्या दंडांनी उभी. आपल्या भीतीचा माश्यांना वास येईल, ही तिची धडधड. पेटीजवळ वावरणाऱ्याला यातलं अर्धं सत्य ठाऊक असतं : वास खराच असतो, पण तो माश्यांचा. डंख मारताना माशी पिकल्या केळ्यासारखा एक गंध सोडते आणि बाकीच्या त्या दिशेने येतात. धूर करतात तो बराचसा हा गंध झाकायला. डंखाचे काटे माणसाच्या कातडीत रुततात, माशी सुटताना फाटते आणि मरते. ‘स्टिंग्ज’मध्ये असाच एक पुरुष डंख खातो, माश्या जिवानिशी जातात. सूड इतका महाग असतो, हे तिने पेटीपाशी उभं राहून पाहिलं असणार.

राहता राहिली ‘द स्वॉर्म’. झाडावर बसलेला थवा खाली आणायला कोणी बंदूक झाडतं आणि कविता थेट नेपोलियनपाशी पोचते. त्याला आधार आहे : १६५३ मध्ये फ्रँक राजा चिल्डेरिकच्या थडग्यात सोन्याच्या माश्या सापडल्या होत्या, नेपोलियनने माशी हेच राजचिन्ह केलं आणि १८०४च्या राज्याभिषेकात ती त्याच्या झग्यावर भरली होती. पण इथे माश्या पुन्हा व्हर्जिलच्या फौजेत भरती होतात. पेटीजवळचा वास, पाक, झाकण सगळं सुटतं. प्लाथलाही शंका असावी. ‘एरियल’ संग्रहाच्या तिच्या अनुक्रमणिकेत हे एक नाव कंसात होतं. तिच्या क्रमाने संग्रह ‘विंटरिंग’वर संपत होता, ह्यूजने तिच्या पश्चात १९६५ साली तो वेगळा लावून छापला आणि तिच्या क्रमाने पुस्तक निघायला २००४ साल उजाडलं. त्या आवृत्तीत ‘द स्वॉर्म’ परिशिष्टात आहे. माझ्या मते योग्य जागी.