बातमीचा पासंग

जुन्या किराणा दुकानातला तराजू ज्यांनी पाहिला आहे, त्यांना पासंग म्हणजे काय हे सांगायला नको. रिकाम्या तराजूचे एक पारडे खाली झुकत असेल, तर दुसऱ्या पारड्यात खडा टाकून दांडी सरळ करायची. तो खडा म्हणजे पासंग. प्रामाणिक दुकानदार तो गिऱ्हाइकासमोर टाकी. लबाड दुकानदार झुकलेले पारडे तसेच वापरी आणि गिऱ्हाईक वजनावर विश्वास ठेवी. पक्षपात म्हणजे काय, याचे याहून सोपे उत्तर मला सापडलेले नाही. माल पडण्याआधीच पारडे झुकलेले असणे, हाच पक्षपात.

माझे शिक्षण शाळेपेक्षा सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर आणि कारखान्यांच्या फाटकांवर अधिक झाले. तेव्हा पंडितांची व्याख्या मी सांगणार नाही. अनुभवाने जे कळले तेवढे मांडतो.

पहिली गोष्ट अशी की, मत असणे म्हणजे पक्षपात नव्हे. १८८१ साली 'केसरी' निघाला तेव्हा आगरकर त्याचे संपादक होते. समाजसुधारणेच्या प्रश्नावर टिळकांशी त्यांचे पटेनासे झाले, म्हणून १८८७ साली ते बाहेर पडले आणि १८८८ साली त्यांनी 'सुधारक' काढला. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यावर दोघांची मते अगदी उलट होती. परंतु टिळक कोणत्या बाजूचे आणि आगरकर कोणत्या, हे वाचकाला ठाऊक होते. पासंग डोळ्यांसमोर होता. मत उघड असले की वाचक ते घेऊ शकतो अथवा टाकू शकतो. मत बातमीचा वेष घेऊन येते तेव्हा मात्र तो फसतो.

ते वेष कसे घेते? एक म्हणजे क्रियापदातून. 'पोलिसांनी लाठीमार केला' ही बातमी झाली. 'पोलिसांना सौम्य लाठीमार करावा लागला' यात दोन मते दडली आहेत. मार सौम्य होता, हे ज्याच्या पाठीवर बसला त्याला विचारले काय? आणि 'करावा लागला' हे कोणी ठरविले? दुसरा वेष कर्मणी प्रयोगाचा. आपल्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला. त्या दिवसाविषयी 'दरवाजे बंद करण्यात आले' असे लिहिले, तर वाक्य शुद्ध आहे. पण बंद कोणी केले आणि कोणासाठी केले, हे त्यात नाही. कर्ता गेला की जबाबदारीही जाते.

तिसरा वेष मौनाचा, आणि तो ओळखायला सर्वांत अवघड. १९२० साली डॉ. आंबेडकरांच्या पुढाकाराने 'मूकनायक' निघाले, तेव्हा त्याची जाहिरात पैसे घेऊनही छापण्यास 'केसरी'ने नकार दिला होता. न छापलेल्या मजकुरात खोटे काहीच नसते; म्हणून त्याला कोणी खोटे म्हणू शकत नाही. गिरणी कामगारांचेही तेच. त्यांची गाऱ्हाणी सातत्याने छापायला नारायण मेघाजी लोखंडे यांचे 'दीनबंधु' लागले.

मँचेस्टर गार्डियनचे संपादक सी. पी. स्कॉट यांनी १९२१ साली मतांना मोकळीक आणि वस्तुस्थितीला पावित्र्य अशी विभागणी केली. ती योग्यच आहे. पण शंभर घटनांतून दहा निवडायच्या, त्यांतली एक वर घालायची, हे करताना मत आलेच. म्हणून निखळ बातमीचा आग्रह धरण्यापेक्षा उघड्या पासंगाचा आग्रह धरणे शहाणपणाचे.

आता माझी गोष्ट. सुमारे वीस वर्षांपूर्वी सातपूरच्या एका कारखान्यात दुसरी पाळी कामावर आली, तो फाटकाला कुलूप. मालकांनी टाळेबंदी केली होती. दुसऱ्या दिवशी एका वर्तमानपत्रात मथळा आला: 'संपामुळे कारखाना बंद'. लोकांना दोन्ही शब्द सारखेच वाटतात. परंतु संपात काम कामगार थांबवितो, टाळेबंदीत मालक. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातही त्यांच्या व्याख्या निरनिराळ्या होत्या, आणि मजुरी मागायची की गमवायची हे अनेकदा त्या एका शब्दावर ठरे. न्यायालय दूरच राहिले. आमच्या वस्तीतल्या वाण्याने त्याच संध्याकाळी उधारी बंद केली. "काम तुम्हीच सोडलेत ना?" एवढेच तो म्हणाला.

मी तावातावाने वर्तमानपत्राच्या कचेरीत गेलो. बातमीदार तरुण पोरगा होता. तो म्हणाला, "साहेब, रात्री अंक लावायचा असतो. कंपनीचे पत्रक सातला आले. तुमच्याकडून काहीच आले नाही." त्याने पैसे खाल्ले नव्हते. ज्याच्याकडे टंकलेखक आणि शिपाई, त्याचे म्हणणे आधी पोहोचते. पुष्कळसा पक्षपात दुष्टपणाचा नसून सोयीचा असतो, हे मी त्या दिवशी शिकलो.

पण गोष्ट येथे संपत नाही. फाटकासमोर आमचाही फळा होता, आणि त्यावर रोज मी लिहीत असे. 'शंभर टक्के कामगार एकजुटीने उभे', असे मी लिहिले. वास्तविक काही जण हमीपत्रावर सही करून आत गेले होते. मग मी त्यांची नावे फळ्यावर घातली आणि वर लिहिले 'दलाल'. टाळेबंदी उठल्यावर त्यांतला एक जण मला भेटला. त्याच्या मुलीला शाळेत तो शब्द ऐकावा लागला होता. तो म्हणाला, "भाऊ, मी आत गेलो हे खरे. पण आईचे औषध बंद पडले होते, हेही तुमच्या फळ्यावर लिहायचे होते." मला उत्तर सुचले नाही. मी कामगारांचा पक्ष घेतला याची मला आजही खंत नाही. तो घेणे माझे काम आहे. परंतु 'दलाल' या शब्दाने मी अर्धी वस्तुस्थिती लपविली. मथळ्याच्या एका शब्दाने आमची उधारी गेली, फळ्यावरच्या माझ्या एका शब्दाने त्याची अब्रू गेली.

तेव्हापासून मी काही प्रश्न विचारतो. या वाक्यातला कर्ता कोण? शब्द कोणी निवडला? दुसऱ्या बाजूला विचारले का? काय छापलेले नाही? आणि शेवटचा, सर्वांत कठीण: हे मला इतके पटते आहे, ते खरे आहे म्हणून की माझ्या सोयीचे आहे म्हणून? आज खिशातल्या मोबाइलवर प्रत्येकजण बातमी पुढे ढकलतो. म्हणजे प्रत्येकजण संपादक झाला आहे. अशा वेळी दुसऱ्याचा तराजू तपासण्याचा आपल्याला हक्क जरूर आहे. मात्र आपलाही तराजू रिकामा धरून दांडी कोठे झुकते ते आधी पाहिलेले बरे.