कट्टा उसवला तेव्हा

२०२५ च्या जानेवारीतली सकाळ. या दिवसांत समुद्रपूरला पहाटे अंगणातल्या बादलीत हात घालवत नाही. पुण्याहून आलेली पुतणी मागच्या खोलीत सोयाबीनच्या कट्ट्याची शिवण उसवत बसली होती आणि सासूबाई दारात उभ्या राहून पाहत होत्या.

"अवं, भाव वाढाची वाट पाहून ठेवलं हाय ते. आन् तू फोडून राह्यली?"

"आजी, वाटीभरच घेते."

"कायले?"

"दूध काढायला."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. गोठ्यात गवळाऊ गाय बांधलेली, सकाळची धार नुकतीच निघालेली, आणि नात कट्ट्यातून दूध काढणार!

पुतणीनं दोन वर्षांपूर्वी दूध, तूप, दही सगळं सोडलं. व्हिगन झाली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिला चॉकलेट ट्रफल करायचे होते, दुधाशिवाय आणि खाल्ल्यावर जड न वाटणारे. ट्रफल म्हणजे चॉकलेट आणि सायीचं घट्ट मिश्रण, ज्याला गनाश म्हणतात, त्याच्या कोकोत घोळवलेल्या गोळ्या. जमिनीखाली वाढणाऱ्या ट्रफल नावाच्या बुरशीच्या गड्ड्यांसारख्या ओबडधोबड दिसतात, म्हणून नावही तेच.

आदल्या दिवशी मी बाजारातून एक स्लॅब आणला होता. तो तिनं उलटून पाहिला आणि बाजूला ठेवला. ते कंपाउंड निघालं. त्यात कोको बटरच्या जागी दुसरी वनस्पती चरबी असते आणि आमच्या स्लॅबमध्ये तर दुधाची पावडरही होती. "पण हिरवा ठिपका आहे की," मी म्हटलं. हिरवा ठिपका शाकाहाराचा, आणि शाकाहारात दूध चालतं. व्हिगनसाठी २०२२ च्या नियमांनी वेगळं चिन्ह दिलंय, हिरव्या चौकटीतला व्ही. घरात रोज पाकिटं येतात, मी कधी मागची बाजू वाचली नव्हती. शेवटी तिनं पुण्याहून आणलेली ७० टक्के कोकोची वडी बाहेर निघाली. तिच्या घटकांत एक ओळ होती: सोया लेसिथिन. म्हणजे सोयाबीन चॉकलेटात आधीच जाऊन बसलं होतं.

आमच्या शेतात ते तीसेक वर्षांपासून आहे. ज्वारीची जागा त्यानं घेतली. ज्वारी निघाली की आधी घरात यायची, उरली तर बाजार पाहायची. सोयाबीन मळणी यंत्रातून थेट कट्ट्यात जातं आणि कट्ट्यातून बाजार समितीत. घरी परत येतं ते तेलाच्या पाकिटातून. तेल काढल्यावर उरलेली पेंड कोंबड्या खातात. त्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, बोली त्याखालीच लागत होती, म्हणून कट्टे घरात अडून बसले होते. पण इतक्या वर्षांत त्यातला एक दाणा आमच्या चुलीवर चढला नव्हता.

वर्ध्याला मात्र एकदा चढला होता. १९३५ साली मगनवाडीत गांधीजींनी सोयाबीन तिथल्या जेवणात घेऊन पाहिलं आणि त्यावर 'हरिजन'मध्ये लिहिलंही. दुधाशी त्यांचं भांडण त्याहून जुनं. १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत त्यांनी दूध सोडलं. पुढे भारतात मोठं आजारपण आलं तेव्हा शेळीच्या दुधावर तडजोड केली, आणि ती त्यांच्या मनाला खातच राहिली. मी हे सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मंग इले शेळी आन ना एक."

शंभर ग्रॅम दाणे निवडून, पाखडून रात्री भिजत घातले. दाणे विक्रीच्या कट्ट्यातलेच हवेत. बियाण्याच्या बॅगेतल्यांना औषध चोळलेलं असतं, ते खायचे नाहीत. सकाळी ते दुपटीहून जास्त फुगले, गोल होते ते लांबट झाले. पाण्यात चोळले की सालं वर तरंगतात, ती ओतून द्यायची. यानंतरची पायरी मात्र चुकवायची नाही. भिजलेले दाणे तसेच वाटले तर दुधाला हिरव्या शेंगेसारखा कच्चट वास येतो, कारण दाणा फुटताच त्यातलं एक विकर तेलावर काम सुरू करतं. म्हणून दाणे आधी पाच मिनिटं खळखळत्या पाण्यात टाकायचे आणि गरम पाण्यातच वाटायचे. एरवी शंभर ग्रॅमला ८०० मिलि पाणी लागतं. आम्ही ४०० घेतलं, दूध दाट हवं म्हणून. फडक्यातून पिळून काढलेलं दूध मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं उकळलं. सोयाबीन कच्चं पचत नाही, त्यामुळे इथे घाई करायची नाही. फेस भराभर वर येतो, डाव हातातून सोडता येत नाही.

खाली उतरवून ठेवलेल्या पातेल्यात सासूबाई डोकावल्या. वर पातळ, सुरकुतलेलं सालपट धरलं होतं. त्यांनी बोटानं ते उचललं.

"साय येते वं याले!"

आदल्या सकाळपासून पहिल्यांदा त्यांच्या आवाजात वाद नव्हता.

चॉकलेट वितळवायचं काम मी घेतलं आणि बिघडवलं. पातेल्यातल्या उकळत्या पाण्यावर वाटी ठेवली, झाकण काढताना वाफेचे दोन थेंब आत पडले, आणि चकाकणारं चॉकलेट बघता बघता आकसून ढेकूळ झालं. "हा त चिखलच झाला बाप्पा," सासूबाई म्हणाल्या. चॉकलेटात कोको आणि साखरेचे बारीक कण चरबीत सुटे असतात. थेंबभर पाणी लागलं की साखर ओली होऊन ते एकमेकांना चिकटतात. यावर उपाय पाणी वाढवण्याचाच आहे. पुतणीनं दोन चमचे गरम सोयादूध ओतून घोटलं आणि चिखल सैल झाला. तो आम्ही पोळीला लावून संपवला.

दुसऱ्या खेपेला वाफेचा खेळ नव्हता. शंभर ग्रॅम चॉकलेट सुरीनं बारीक चिरलं. साठ ग्रॅम सोयादुधात चाळीस ग्रॅम बिनबियांचा खजूर शिजवून, वाटून, चिमूटभर मीठ घालून ते कढत असतानाच चॉकलेटवर ओतलं. दोन मिनिटं हात लावला नाही. मग मधोमध चमच्यानं छोटी वर्तुळं. सुरुवातीला मिश्रण फाटल्यासारखं दिसतं, मग मध्यभागी रुपयाएवढी चकाकी येते आणि ती कडेकडे पसरते. आमची मध्येच थांबली. खजुराचा गोळा दाट होता, पाणी कमी पडलं, आणि कडेला तेल सुटलं, वांग्याच्या भाजीवर हवी तशी तर्री! पुतणीनं आणखी चमचाभर गरम दूध मधोमध टाकलं, पुन्हा लहान वर्तुळापासून सुरुवात केली. तेल आत ओढलं गेलं आणि अख्खी वाटी आरशासारखी झाली.

तेव्हा मला साय काय काम करते ते कळलं. ती पाणी देते, चरबी देते, थोडी गोडी देते. ती काढली की तिन्ही कामं कुणाला तरी द्यावी लागतात. पाणी सोयादुधानं दिलं, आणि त्यातल्या प्रथिनांनी व लेसिथिननं कोको बटरला पाण्यात धरून ठेवलं. गोडी आणि अंग खजुरानं दिलं. चरबीची जागा मात्र रिकामी राहिली. गोळी मऊ राहते ती त्यामुळे.

कोको बटर साधारण ३४ अंशांना वितळतं. मे महिन्यात इथला पारा ४५ च्या आसपास असतो, त्या दिवसांत हे करायला बसलो असतो तर वाटीतून प्यावं लागलं असतं. जानेवारीत डबा रात्रभर फडताळात ठेवला तरी मिश्रण जमलं. त्यातला थोडा भाग मी खबरदारी म्हणून फ्रिजमध्ये टाकला होता. त्याच्या गोळ्या बाहेर काढल्या तेव्हा कडक झाल्या होत्या. "गिरडचे गोटे," सासूबाईंचा निकाल. गिरड आमच्याच तालुक्यातलं. तिथल्या बाबा फरीदांच्या टेकडीवर जायफळासारखे गोल दगड सापडतात. फकिराची थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्याचा माल त्यानं दगड करून टाकला, अशी कथा सांगतात. आमचे गोटे मात्र अर्ध्या तासात बाहेरच्या हवेवर मऊ झाले.

वळायला सासूबाई स्वतःहून बसल्या. माझ्या हातात गोळी धरली की पाघळायची, तळवा तपकिरी व्हायचा. त्यांनी दोन्ही हात माठाच्या पाण्यात बुडवले, पदराला कोरडे पुसले, चमच्यानं छोटा गोळा घेतला आणि तळव्यांत दोनदा फिरवून सोडून दिला. तिसरा फेरा नाही. "लाडवाले दाब लागते, याले नाई. जास्त खेळवलं का पाघळलं." दर चार गोळ्यांनंतर हात पुन्हा माठात. अर्ध्या कोकोत घोळवल्या, अर्ध्या भाजून भरड केलेल्या तिळात. दोनवर मी आमच्या वायगावच्या हळदीची चिमूट भुरभुरली. त्या खोकल्याच्या औषधासारख्या लागल्या.

चोवीस गोळ्या निघाल्या, प्रत्येकी आठ-नऊ ग्रॅमची. पुतणीनं वहीवर हिशेब मांडला. एका गोळीत तीस-बत्तीस कॅलरी. साय आणि लोण्याच्या पंधरा ग्रॅमच्या ट्रफलमध्ये सत्तरच्या पुढे. पण वजनाला वजन लावून पाहिलं तर आमचं ट्रफल पाव हिस्साच हलकं होतं. बाकीचं हलकेपण निव्वळ लहान आकाराचं होतं. चॉकलेट तेवढंच, त्याची चरबी तेवढीच. तिनं ते प्रामाणिकपणे लिहून खाली रेघ मारली. चार खाल्ल्या तर हिशेब फिटला. शिवाय पाणी जास्त असल्यानं या टिकतही नाहीत. थंड जागी तीन-चार दिवस, त्यातच संपवायच्या.

हळदीकुंकवाला आलेल्या बायांनी तिळाच्या गोळ्या आधी उचलल्या. कुणी विचारलं, कुणी नाही. सासूबाईंनी स्वतः एक चाखली, "कडू हाय," म्हणाल्या आणि दुसरी घेतली नाही. त्यांचं लक्ष दुसरीकडे होतं. दूध पिळून फडक्यात उरलेला पांढरा चोथा त्यांनी फेकू दिला नव्हता. त्यात बेसन, कांदा, मिरची, ओवा घालून त्यांनी वडे तळले, आणि संध्याकाळी घरातल्या पुरुषांनी ते कशाचे हे न विचारता ताट रिकामं केलं.

फेब्रुवारीत भाव न वाढताच कट्टे गाडीत चढले. उसवलेला कट्टा वजनाला कमी भरला म्हणून त्यात दुसऱ्यातलं ओतावं लागलं. पण ओतण्याआधी सासूबाईंनी स्टीलचा मोठा डबा आणला, काठोकाठ भरला, आणि मग सुतळी-दाभण घेऊन शिवायला बसल्या.

"दुधासाठी का?" मी विचारलं.

"वड्यासाठी," त्या म्हणाल्या. "दूध तुमचं तुम्ही काढा."