दुधाळ्याच्या वेधशाळेत पुण्याचे गणित

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळच्या दुधाळा शिवारात ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहणार आहे. एकमेकींशी काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, त्यांतून धावणारा लेसर आणि त्यांच्या टोकांच्या आरशांची प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाइतकी हालचाल टिपणारी यंत्रणा. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. यंत्राचे महत्त्वाचे भाग अमेरिकेतून येणार, म्हणून त्यामागचे शास्त्रही सगळे बाहेरचेच, असे अनेकांना वाटते.

ते तसे नाही.

अवकाशातून आलेली लहर जमिनीच्या थरथरीत आणि लेसरच्या चढउतारात पार बुडालेली असते. मात्र दोन कृष्णविवरे एकमेकांभोवती फिरत जवळ येताना कशा आकाराची लहर उठेल, हे आइन्स्टाइनच्या १९१५ च्या सिद्धान्तावरून आधीच काढता येते. तो नमुना नोंदींवरून सरकवत न्यायचा आणि कुठे जुळतो ते पाहायचे. आषाढीच्या गलबल्यात आपल्या दिंडीचा अभंग कान हेरतात, तसेच हे.

अडचण पुढेच आहे. विवरांचे वस्तुमान आधी ठाऊक नसते, त्यामुळे नमुने अनेक लागतात. ते विरळ ठेवले तर लहर निसटते. दाट ठेवले तर संगणक पुरे पडत नाहीत. मग किती घ्यायचे आणि किती अंतराने? पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेतील संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी १९९१ मध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू डी’मध्ये हा हिशेब मांडला. १९९६ मध्ये अमेरिकेतील बेंजामिन ओवेन यांनी त्याला भूमितीची जोड दिली. १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिली लहर आली, तेव्हा सुमारे अडीच लाख नमुने लावून तिची खातरजमा झाली.

दुसरा धागा भारतीय भौतिकशास्त्रज्ञ सी. व्ही. विश्वेश्वरा यांचा. धक्का बसलेले कृष्णविवर ठरावीक सुरात घुमत शांत होते, हे त्यांनी १९७० मध्ये गणिताने दाखवले. १४ जानेवारी २०२५ रोजी, ऐन संक्रांतीला, एक अतिशय स्पष्ट लहर नोंदली गेली. तिच्यात हे घुमणे तपासता आले आणि कृष्णविवरांचे एकूण क्षेत्रफळ घटत नाही, हा हॉकिंग यांचा १९७१ चा नियमही पडताळता आला.

दुधाळ्याचे यंत्र सुरू झाल्यावर लहर आकाशात नेमकी कुठून आली, हे आजच्यापेक्षा बारकाईने सांगता येईल. त्या नोंदी वाचायला हिंगोली, परभणी, नांदेडची मुले हवीत. म्हणून मराठवाड्यातील पदार्थविज्ञानाच्या शिक्षकांनी १९९१ चा तो शोधनिबंध आजच वर्गात उघडावा.