पपईचा व्हायरस आणि रानातली सोयरीक



खोडवा मोडल्यावर फेरपालट म्हणून आपल्यापैकी काहीजण पपई लावतात. गेल्या हंगामात एका सभासदाने मला प्लॉटवर नेले. शेंड्याची पाने पिवळी व आकसलेली, देठावर तेलकट पट्टे, फळांवर गोल वलये. "साहेब, कोणता फवारा घेऊ?" मी म्हणालो, "याला फवारा नाही." तेव्हा तो म्हणाला, "एकजण व्हायरस-प्रूफ रोपे देतोय. घेऊ का?" त्यासाठी हे टिपण.

हा विषाणू मावा पसरवतो. रोगट झाडात सोंड खुपसून तो निरोगी झाडावर बसला, की काही मिनिटांत लागण होते. औषधाने मावा मरेपर्यंत त्याचे काम झालेले असते. यास्तव प्रतिकारशक्ती झाडातच हवी. ती आपल्या गोड पपईत नाही. दक्षिण अमेरिकेतील तिच्या रानटी भावकीत, व्हॅस्कॉन्सेलिया कुळीच्या काही जातींत आहे.

मग संकर का करीत नाहीत? करतात, पण नाते दूरचे. फळ धरते, परंतु बियांतला गर्भ पोसत नाही. तो कोवळा असतानाच काढून प्रयोगशाळेत काचेच्या नळीत वाढवावा लागतो. त्यातून आलेली झाडेही बहुधा वांझ निघतात. तरीही ऑस्ट्रेलिया व फिलिपाईन्समधील शास्त्रज्ञांनी क्वेर्सिफोलिया या रानजातीचा संकर पुन्हा पुन्हा पपईशी करून प्रतिकारक झाडे मिळवली आहेत.

पुन्हा पुन्हा कशासाठी, हे उसावरून कळेल. १९१२ साली कोइमतूर येथे जाड, गोड उसाचा संकर नदीकाठच्या कास गवताशी केला. त्यातून को २०५ आला. गवताने काटकपणा दिला, पण कांडे बारीक केले, गोडी घटवली. म्हणून पुढच्या पिढ्यांत पुन्हा गोड उसाशी संकर करावे लागले. आज आपण लावतो त्या को ८६०३२ मध्येही त्या गवताचा अंश आहे. पपईलाही हीच वाट चालायची आहे, आणि ती वर्षांची आहे.

तोपर्यंत एवढे करा :

(१) रोपे कीटकरोधक जाळीतलीच घ्या.
(२) लागणीआधी कडेने मका किंवा ज्वारीच्या दोन ओळी पेरा.
(३) जवळपास काकडी, भोपळा नको.
(४) पहिले रोगट झाड दिसताच उपटून नष्ट करा.

"सहनशील" वाण म्हणजे रोग येणारच नाही असे नव्हे. कोणी "व्हायरस-प्रूफ" म्हणाला, तर वाणाचे नाव व संस्था पावतीवर लिहून मागा, आणि पैसे देण्यापूर्वी ती पावती गट ऑफिसात दाखवा.

— ऊस विकास अधिकारी